बेबी मॉनिटर घ्यावा का? बाळाची सुरक्षित झोप, रात्रीचं जागरण आणि तंत्रज्ञान

ताई बाळंतपणासाठी माहेरी, आगरदांड्याला आली होती. भाचा तीन आठवड्यांचा झाला आणि तिने मला विचारलं, "तू एवढं गॅजेट्सवर लिहितोस, बाळ झोपेत नीट श्वास घेतंय ना हे सांगणारं काही मिळतं का रे?" मी उत्साहाने एक वायफाय कॅमेरा मागवला.

तिसऱ्याच रात्री खाडीवरून वारा सुटला आणि लाइट गेली. राउटर बंद, ॲपवर 'ऑफलाइन'. उठून बघतो तर ताई आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली आणि बाळ तिच्या कुशीतून एका बाजूला घसरलेलं. आईने बाळाला अलगद उचललं. काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्यानंतर जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, ते इथे देतोय.

आधी अंथरूण, मग गॅजेट

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये याबाबतच्या सूचना नव्याने दिल्या. त्यातल्या मुख्य गोष्टींना एक रुपयाही लागत नाही:

• वर्षभर, दिवसा आणि रात्री, बाळाला पाठीवरच झोपवा. लहान बाळाचं मानेवर पुरेसं नियंत्रण नसतं. पालथं झोपलं की सोडलेलीच हवा ते परत परत आत घेतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. अमेरिकेत १९९४ साली 'पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की झोपेत वळल्यावर पुन्हा सरळ करत बसायची गरज नाही.
• गादी सपाट आणि घट्ट हवी. आपल्याकडची मोहरीची उशी, लोड, जाड दुलई, मऊ खेळणी यातलं काहीही झोपेच्या जागेत नको.
• घरात झोपताना कुंची नको. छाती गरम किंवा मान घामेजलेली लागली तर एक कपडा कमी करा. कोकणातल्या दमट हवेत पंखा चालतो.
• झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबू शकते. झोळीत झोप लागली की बाळाला सपाट जागी ठेवा.
• मच्छरदाणी चांगलीच, पण ताणून बसवलेली. सैल कापड चेहऱ्यावर येता कामा नये. विडी-सिगारेट, धुरी आणि कॉइलचा धूर खोलीत नको.
• बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने.

मॉनिटर नेमकं काय करतो?

पहिला बेबी मॉनिटर १९३७ चा: झेनिथ कंपनीचा 'रेडिओ नर्स'. रचना शिल्पकार इसामू नोगुची यांची. काम एकच, दुसऱ्या खोलीतलं रडणं ऐकवणं. आजचा ऑडिओ मॉनिटर आणि कॅमेरा मुळात तेच करतात. बाळ शेजारीच झोपत असेल तर त्यांची फारशी गरज नाही. घेतलाच तर आधीचा पासवर्ड बदला, टू-स्टेप लॉगिन चालू करा, अपडेट टाका आणि वायर बाळापासून निदान एक मीटर लांब ठेवा. वायर गळ्याभोवती अडकू शकते.

स्मार्ट सॉक वेगळा. तो त्वचेतून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि त्यातला किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन आणि नाडी मोजतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंच हे तत्त्व. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आउलेट कंपनीला परवानगीविना वैद्यकीय उपकरण विकल्याबद्दल पत्र पाठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या 'ड्रीम सॉक'ला मंजुरी मिळाली, तीही फक्त निरोगी बाळांसाठी. असं यंत्र झोपेतले अचानक मृत्यू टाळतं असा पुरावा नाही, म्हणून त्या हेतूने ते वापरू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पायातून सॉक सरकला तरी अलार्म वाजतो आणि जागरण वाढतं ते आईचंच.

शिवाय वायफायवर चालणारं काहीही लाइट गेली की बंद. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या किनाऱ्यावर कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. पाठीवर झोपवायला मात्र वीज लागत नाही.

व्हाइट नॉइज ॲप वापरत असाल तर फोन बाळापासून दोन मीटर लांब, आवाज कमी आणि बाळ झोपल्यावर बंद. २०१४ च्या एका अभ्यासात तपासलेली सगळी १४ यंत्रं पूर्ण आवाजावर, ३० सेंटिमीटर अंतरावर ५० डेसिबलच्या वर गेली. रुग्णालयातल्या नवजात विभागासाठी सुचवलेली मर्यादा ५० ची आहे.

रात्री बाळ का उठतं?

पोट लहान, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस-रात्रीचं शरीराचं घड्याळ साधारण दोन-तीन महिन्यांनी जुळायला लागतं. म्हणजे उठणं हा बिघाड नाही. आमच्या घरी हे उपयोगी पडलं:

• दिवसा उजेड आणि बोलणं, रात्री मंद पिवळा दिवा आणि गप्प. फोनचा ब्राइटनेस कमी, नोटिफिकेशन बंद.
• पाळ्या लावल्या. दूध पाजणं ताईचं. ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं आईचं नाहीतर माझं, भाऊजी आले की त्यांचं.
• झोप येत असेल तर खुर्चीत किंवा सोफ्यावर पाजू नका. त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला काढलेली गादी कमी धोक्याची. जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, किंवा शेजारी झोपणाऱ्याने दारू अथवा झोपेचं औषध घेतलं असेल, तर एकत्र झोपणं पूर्ण टाळा.

कधी थांबायचं नाही?

ओठ निळसर, छाती आत ओढली जाणं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, दूध न ओढणं, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप: ॲप बघू नका, १०८ ला फोन करा. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात, त्यांना झोपायची जागा दाखवा आणि प्रश्न विचारा. आईचं मन दोन आठवड्यांनंतरही खचलेलं असेल तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो.

तर मॉनिटर घ्यावा का? वेगळ्या खोलीत काम करताना रडणं ऐकू यावं म्हणून, जरूर घ्या. बाळाचा राखणदार म्हणून, नको. आमचा कॅमेरा आता अंगणाच्या दारावर लावलाय.