जपानमधील नगरयात्रा व आहारपरंपरा : नागपूरच्या संदर्भात

जपानमध्ये एका नगरातून दुसऱ्या नगराकडे मजल-दरमजल जात तेथील देवस्थाने पाहणे आणि प्रत्येक मुक्कामाचा प्रसिद्ध पदार्थ चाखणे ही प्रथा आधुनिक पर्यटनाहून कितीतरी जुनी आहे. तिचा उगम तीर्थयात्रेत आहे, आणि त्या देशाच्या आहाराची घडणही मोठ्या प्रमाणात मठ-मंदिरांतच झाली. यामुळे जपानचा प्रवास आखताना नगरांची निवड व अन्नाची निवड हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत. नागपूरच्या प्रवाशाच्या बाबतीत तर ते अधिकच एकरूप होतात. या शहराचा जपानशी असलेला संबंध प्रामुख्याने बौद्ध धर्मातून आलेला आहे आणि कोणते अन्न शुद्ध व कोणते अशुद्ध हा वाद दोन्हीकडच्या समाजांनी दीर्घकाळ सोसलेला आहे.

विदर्भ व जपान यांच्यातील धार्मिक दळणवळणाचा आरंभ निचिदात्सु फुजी (1885–1985) या भिक्षूपासून धरता येईल. निप्पोन्झान म्योहोजी या संघाचे हे संस्थापक 1933 मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींना भेटले. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणत व त्यांच्या संघाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर या संबंधाला निराळे परिमाण आले. 1966 मध्ये भारतात आलेले जपानी भिक्षू भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे प्रथम राजगीर येथे फुजी यांच्या शांतिस्तूपाच्या कार्यात होते. स्वप्नात नागार्जुनासारख्या एका पुरुषाने ‘नागपूरला जा’ असे सांगितले, असे त्यांचे स्वतःचे कथन आहे. नागपूरला येऊन इंदोरा येथील विहारातून त्यांनी कार्य केले व पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारले. नागपूरजवळील कामठी येथे जपानी देणगीदारांच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर 1999 मध्ये उभे राहिले. उलट दिशेचा टप्पा म्हणजे कोयासान विद्यापीठाच्या आवारातील डॉ. आंबेडकरांचा पुतळा. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री व नागपूरचे आमदार देवेंद्र फडणवीस यांनी सप्टेंबर 2015 मध्ये त्याचे अनावरण केले.

यापूर्वीही मराठी मुलखाशी जपानचा संबंध आला होता, पण तो तुटक स्वरूपाचा. 1549 मध्ये कागोशिमा येथे उतरलेला सेंट फ्रान्सिस झेव्हियर गोव्याहून निघाला होता. तोक्योतील स्त्री विद्यापीठाच्या (स्थापना 1901) माहितीपत्रकावरून महर्षी धोंडो केशव कर्वे यांना 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापण्याची प्रेरणा मिळाली आणि पुढे जगप्रवासात त्यांनी तो देश पाहिला. पु. ल. देशपांडे यांच्या पूर्वरंगमधून सामान्य मराठी वाचकास जपानची ओळख झाली.

बहुतेक प्रवासी तोक्योपासून आरंभ करतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ओसाकाजवळील कान्साई विमानतळावर उतरून नारा, कोयासान, क्योतो, ओसाका व शेवटी तोक्यो हा क्रम अधिक उचित होय, कारण त्यात आहाराच्या इतिहासाचाही क्रम राखला जातो. नारा हे आठव्या शतकातील राजधानीचे नगर. तेथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी 752 मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. या राजधानीच्या स्थापनेपूर्वीच, 675 मध्ये, सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षाच्या ठराविक महिन्यांत बंदी घातली होती. ही बंदी पूर्ण नव्हती. हरिण व रानडुक्कर तीत नव्हते आणि मासे तर सर्वथा मोकळे होते. तथापि पुढील शतकांत अशा आज्ञा वारंवार निघाल्या व चतुष्पादांचे मांस हे अमंगल अन्न होय, अशी भावना रूढ झाली. जपानी आहारात भात, मासे, सोयाबीन व समुद्रशैवाल यांना जे स्थान आहे, ते समजण्यास हा एक धागा पुरेसा आहे.

कोयासान हे वाकायामा प्रांतातील पर्वतावरचे मठनगर कूकाई (774–835) याने 816 मध्ये सम्राटाच्या अनुज्ञेने वसविले. चीनमधून परतताना त्याने मंत्रयान पंथाबरोबर सिद्धम् लिपीही आणली. या भारतीय लिपीतील बीजाक्षरे आजही कोयासानच्या स्मृतिस्तंभांवर व लाकडी पट्ट्यांवर लिहिली जातात. देवनागरी जाणणाऱ्यास त्यांतील काही अक्षरे ओळखीची वाटतात, हा अनुभव येथे आवर्जून घेण्यासारखा आहे. ओकुनोइन या सिडर वृक्षांच्या दाट राईतील स्मशानभूमीत दोन लाखांहून अधिक समाधी असून तिच्या टोकाशी कूकाई चिरसमाधीत बसलेला आहे, अशी श्रद्धा आहे. त्याला रोज दोन वेळा शिजविलेले अन्न वाहिले जाते. विठ्ठलाच्या नित्योपचारांची सवय असलेल्या मराठी माणसास यात परके असे काही वाटू नये.

ओसाकातील नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत व तेथून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर जाता येते. अनेक मठ यात्रेकरूंची राहण्याची सोय करतात. पहाटेची प्रार्थना व दोन वेळचे मठातील जेवण त्यात येते. या जेवणास ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. शोजिन हा शब्द षट्पारमितांपैकी ‘वीर्य’ या संस्कृत संज्ञेचे भाषांतर असल्याने त्याचा मूळ अर्थ साधनेतील चिकाटी असा होतो, केवळ शाकाहार असा नव्हे. मांस व मासे तर यात नसतातच, पण कांदा-लसणादी उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. सार केले जाते ते समुद्रशैवाल (कोंबू) व वाळविलेली अळंबी यांचे. तीळ वाटून केलेली मऊ वडी आणि हिवाळ्यात गोठवून वाळविलेला कोया-दोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) हे येथील विशेष. थंडीच्या रात्री बाहेर राहिलेला टोफू गोठला व त्यातून हा पदार्थ निघाला, अशी आख्यायिका आहे. याच प्रांतातील युआसा हे सोया सॉसचे उगमस्थान मानले जाते. तेराव्या शतकात चीनहून परतलेल्या एका भिक्षूने शिकविलेल्या मिसोच्या भांड्यात सुटणाऱ्या द्रवापासून तो तयार झाला, अशी परंपरा आहे.

क्योतो 794 पासून सहस्राहून अधिक वर्षे सम्राटाची राजधानी होते. झेन पंथाचा आचार्य दोगेन याने 1237 मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडणे हीही साधनाच होय आणि उंची वा हलक्या भाजीत भेद करू नये, हा त्याचा आशय. स्वयंपाक्याचे पद मठातील श्रेष्ठ पदांपैकी एक मानणारा हा विचार भारतीय वाचकास नवीन वाटतो, कारण आपल्याकडे स्वयंपाकाच्या शुचितेवर जितके लिहिले गेले तितके स्वयंपाक्याच्या साधनेवर लिहिले गेले नाही. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (1522–1591) याने चहापानाच्या विधीला साधेपणाचे वळण दिले आणि त्यापूर्वीचे अल्प भोजन ‘काइसेकी’ या नावाने प्रसिद्ध झाले. भूक शमविण्यासाठी भिक्षू उबदार दगड पोटाशी धरीत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. आजची महागडी काइसेकी पंगत त्या दगडापासून पुष्कळ दूर आली आहे.

या सात्त्विक परंपरेची दुसरी बाजू पर्यटनाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. मांस अमंगल ठरले, तरी मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे व चामडे कमाविणे ही कामे कोणाला तरी करावी लागत होती. ती करणारे लोक अस्पृश्य ठरले. तोकुगावा काळात (1603–1868) त्यांची वस्ती, वेश व विवाह यांवर कडक निर्बंध आले. 1871 मध्ये कायद्याने हा दर्जा रद्द झाला, पण बुराकु म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांविषयीचा भेदभाव टिकून राहिला. त्याविरुद्ध 3 मार्च 1922 रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ (समतेचा संघ) स्थापन झाला. बरोबर पाच वर्षांनी, मार्च 1927 मध्ये, महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडण्याचा उपदेश केला. दोन्ही घटनांत परस्परसंबंध नाही. तथापि मूळ प्रश्न एकच होता : ज्यांच्यावर अशुद्ध काम लादले, त्यांनाच अशुद्ध मानणे. नागपूरहून जाणाऱ्या बौद्ध प्रवाशाने नारा प्रांतातील गोसे येथील सुइहेइशाचे संग्रहालय मठांइतकेच महत्त्वाचे मानावे. ओसाकाच्या दक्षिण भागात तळलेल्या आतड्यांचे तुकडे घातलेल्या जाड शेवयांचा पदार्थ मिळतो. त्याचा उगम बुराकु वस्त्यांच्या स्वयंपाकात आहे. शाहू पाटोळे यांनी अन्न हे अपूर्णब्रह्म (2015) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या ज्या पाककृतींची नोंद केली, त्यांची आठवण येथे होते.

ओसाका या व्यापारी नगराला पूर्वी ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणत. होक्काइदोहून जहाजांनी येणारा कोंबू येथे उतरे. याच कोंबूच्या सारातून किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ‘उमामी’ ही चव देणारे द्रव्य वेगळे केले. क्योतो व तोक्यो (पूर्वीचे एदो) यांना जोडणारा तोकाइदो हा सु. 490 किमी. लांबीचा मार्ग व त्यावरील 53 ठाणी म्हणजे नगरयात्रेचा कणाच होय. 1635 पासून सरदारांना आळीपाळीने एदोत राहणे सक्तीचे झाल्याने या मार्गावर सतत वर्दळ राहिली. मारिको ठाण्यावर किसलेल्या रताळूसदृश कंदाचे सार, कुवाना येथे शिंपले, अशी ठाण्यागणिक पदार्थांची ख्याती झाली. नागपूर स्थानकावरून संत्राबर्फी घेतल्यावाचून पुढे न जाणाऱ्या रेल्वेप्रवाशाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. 1 ऑक्टोबर 1964 रोजी या मार्गाला समांतर शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली, तरी स्थानकोस्थानी त्या त्या गावचे डबाबंद जेवण विकत घेण्याची हौस कायम आहे.

तोक्योत येताच आहाराचे रूप पालटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदोच्या रस्त्यांवर विकली जाणारी सुशी हे घाईत असलेल्या माणसाचे खाणे होते. तेम्पुरा ही तळण्याची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून आली. नागासाकीला येणारी त्यांची जहाजे गोव्याहून मकावमार्गे येत. 1872 मध्ये सम्राट मेइजी याने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, त्याच वर्षी भिक्षूंनाही मांसाहार व विवाह यांची मोकळीक देण्यात आली. जपानमध्ये गृहस्थाश्रमी पुरोहित पाहून भारतीय बौद्धांना जो धक्का बसतो, त्याचे कारण पंथभेदाइतकेच या राजाज्ञेत आहे. शिंजुकु भागातील नाकामुराया या उपाहारगृहात 1927 पासून मिळणारी भारतीय पद्धतीची करी ही क्रांतिकारक रासबिहारी बोस यांची देणगी होय.

शाकाहारी प्रवाशाची खरी अडचण मांसाची नसून ‘दाशी’ या साराची असते. ते बहुधा वाळविलेल्या माशाच्या किसाचे असल्याने भाजी, शेवया व टोफू यांतही मासा येतो, आणि पुष्कळ उपाहारगृहांत माशाला मांस समजत नाहीत. यास्तव ‘मांस नको’ असे न म्हणता ‘माशाचे सारही नको’ असे लिहिलेली जपानी चिठ्ठी जवळ ठेवावी. सावजी रश्श्यावर पोसलेल्या नागपूरकर जिभेला तेथील चव आरंभी फिकी वाटते. तथापि तिखट-मसाल्याची पुडी पहिल्या चार दिवसांत न उघडणे श्रेयस्कर. क्रमाने पाहता नाऱ्यास एक, कोयासानला एक किंवा दोन, क्योतो-ओसाकाला चार व तोक्योस तीन रात्री पुरेशा होतात. मार्च अखेर ते एप्रिल हा चेरीच्या फुलांचा काळ असला, तरी गर्दी व दर यांचा विचार करता नोव्हेंबर अधिक सोयीचा आहे. त्या सुमारास वाकायामात मिकान या संत्र्यांचा हंगाम सुरू होतो. मिकानच्या उत्पादनात हा प्रांत जपानमध्ये अग्रेसर असून ते फळ नागपुरी संत्र्याच्याच मांडरिन गटातील आहे. ते आकाराने लहान, बहुधा बिनबियांचे व पातळ सालीचे असते. कोयासानला जाताना रेल्वेत बसून ते सोलून खाण्याची पद्धत नागपूरकरास परिचित वाटेल.