शनिवार तेली आणि गरम चहाचा नियम

आजचा विषय दोन हजार वर्षं जुना आहे, पण सुरुवात आपल्या भोसरीतून करू.

पुण्यात कुणी म्हणालं, ‘मला गुरुवारी सुट्टी असते,’ की समोरचा लगेच ओळखतो, हा एमआयडीसीत कामाला आहे. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वेगवेगळे दिले गेले आणि आपल्या पट्ट्यात गुरुवार रुळला. आता हेच कोकणात बघा. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्यांची ओळखही वारावरून होती. महादेवाच्या वाराला, सोमवारी, घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली.

हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. आडनावं कशी, तर गावांवरून: पेणकर, दिवेकर, केहिमकर. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलं काय? सुंता, ‘शमा’ ही एक प्रार्थना, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवार.

हा शनिवार म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की संपला. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात आज्ञा आहे की या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. पुढे साधारण इ.स. 200 च्या सुमारास ‘मिश्ना’ हा ग्रंथ तयार झाला. त्यात या दिवशी वर्ज्य असलेल्या 39 कामांची यादी आहे. पेटवणं एक काम, विझवणं दुसरं, शिजवणं तिसरं.

मग शनिवारी गार जेवायचं का? इथे दोन तट पडले. कराइट पंथ म्हणाला, विस्तव नको म्हणजे नको, आधीपासून जळत असलेलाही नको. रब्बींचं म्हणणं उलट होतं. पेटवू नका, पण शुक्रवारी पेटवलेलं जळत राहिलं तर हरकत नाही. वाद इतका पेटला की बाराव्या शतकात एका मोठ्या रब्बींनी लिहिलं, शब्बाथला जो गरम जेवत नाही, तो पाखंडी तर नाही ना हे तपासून बघा!

पण गरम ठेवायचं तर नियम आले. मिश्ना सांगते, चूल पेंढ्याची किंवा काडीकचऱ्याची असेल तर शिजलेलं भांडं तिच्यावर राहू द्या. लाकडाची असेल तर आधी निखारे काढा किंवा त्यांच्यावर राख पसरा. कारण साधं आहे. धगधगता निखारा दिसला की माणसाचा हात आपोआप तो सारायला जातो. आज हेच काम गॅसवर ठेवलेला पत्रा करतो.

आणि शिजणं म्हणजे नेमकं कधी? तर हात चटकन मागे घ्यावा लागेल इतकं गरम झाल्यावर. आजच्या हिशेबात साधारण 45 अंश सेल्सिअसपासून पुढे सावध राहायचं. आपला उकळून केलेला चहा अर्थातच बाद. विस्तवावरचं भांडं ‘पहिलं’, त्यातून ओतलं तो कप ‘दुसरा’, त्यातून पुन्हा ओतलं तो ‘तिसरा’. दर वेळी पाणी निवतं. चहाची पत्ती पटकन शिजते, म्हणून बरेच जण तिसऱ्या कपात चहा करतात, नाहीतर शुक्रवारीच अर्क काढून ठेवतात.

पळवाटाही तेव्हापासूनच शोधल्या गेल्यात. तिबेरिया गावच्या लोकांनी गरम पाण्याच्या झऱ्यातून गार पाण्याची नळी नेली. विस्तव नाही, हात लावायचा नाही, पाणी आपोआप गरम! ऑटोमेशनच की. पण मिश्नातल्या पंडितांनी हा जुगाड नामंजूर केला. शब्बाथला तापलेलं पाणी ते तापलेलंच, म्हणाले.

आता पुण्यात या. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, 1867 मध्ये पूर्ण झालं. बांधवून घेणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे. बगदादी ज्यूंचा यावरचा तोडगा म्हणजे ‘तबीत’. भात भरलेली कोंबडी शुक्रवारी मंद निखाऱ्यांवर ठेवायची आणि शनिवारी खायची. बेने इस्रायलचं सिनेगॉग वेगळं, रास्ता पेठेत. वेगळं का? बऱ्याच बगदादींना हे कोकणी तेली पुरेसे ज्यू वाटायचेच नाहीत.

हा संशय पुढे इस्रायलपर्यंत गेला. तिथे गेलेल्या बेने इस्रायल लोकांच्या लग्नांच्या वेळी धर्मपीठ त्यांच्या वंशाची चौकशी करू लागलं. लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये ते पूर्णपणे ज्यू आहेत हे तिथल्या संसदेत मान्य झालं.

मला यातलं एक खटकतं. पत्रा, तिसरा कप, निवलेलं पाणी, हे सगळं पुस्तकातून शिकता येतं. कोकणात पुस्तकच नव्हतं. तरी पिढ्यानपिढ्या दर सातव्या दिवशी घाणा थांबत होता, आणि त्या दिवसाची कमाईही बुडत होती. शेजाऱ्यांनी तर नावातच साक्ष दिली होती. तरीही पुरावा त्यांच्याकडेच मागितला गेला.

तुमच्या गावात असं वारावरून नाव पडलेलं कुणी आहे का? घरच्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!