चालता कारखाना आणि नवी भट्टी

नव्या घराला कोणती खिडकी बसवावी, हे ठरविणे सोपे. परंतु नांदत्या घराची भिंत फोडून ती बसवावयाची झाल्यास घरातील माणसांचा विचार आधी करावा लागतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि मुंबई-हावडा लोहमार्ग जवळ असल्यामुळे ही जागा सोयीची ठरली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. पुढे भिलाई, रिसाली या वसाहतींतील हजारो संसार त्या भट्टीच्या आधाराने उभे राहिले.

पोलाद करण्यासाठी भिलाईने ओपन हार्थ पद्धत स्वीकारली. ती एकोणिसाव्या शतकापासून रुळलेली होती. सोव्हिएत तंत्रज्ञांचा तिच्यात हात बसलेला होता. तिच्यात मोडीचे लोखंड हवे तितके घालता येई आणि रसाची परीक्षा करण्यास सवड मिळे. मात्र एका घाण्याला कित्येक तास लागत. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ साली दुसरीच रीत व्यवहारात आली होती. तीत शुद्ध प्राणवायूचा झोत सोडून पाऊण तासाच्या आतबाहेर पोलाद तयार होई. जर्मन साहाय्याने उभारलेल्या राउरकेल्याने ही एल. डी. पद्धत आरंभीच घेतली.

मग भिलाईने चूक केली काय? तसे म्हणणे घाईचे होईल. त्या वेळी नवी रीत जेमतेम बाल्यावस्थेतून बाहेर पडत होती आणि भिलाईच्या रुळांवरून देशाच्या आगगाड्या धावावयाच्या होत्या. खरी कसोटी पुढे आली. १९६७ साली कारखान्याची शक्ती २५ लाख टनांवर नेण्यात आली, तीही ओपन हार्थ भट्ट्या वाढवूनच. उलट सोव्हिएत साहाय्यानेच उभारलेल्या बोकारोत मात्र एल. डी. पद्धत आली. साहाय्य करणारा देश तोच, पण एके ठिकाणी जागा मोकळी होती, तर दुसरीकडे भट्ट्या पेटलेल्या होत्या. हातचे काम थांबवून नवे शिकण्याची किंमत बोकारोला मोजावी लागणार नव्हती.

ऐंशीच्या दशकात शक्ती ४० लाख टनांपर्यंत नेताना भिलाईने मार्ग काढला. जुना पोलाद विभाग मोडला नाही. त्याच्या शेजारी कन्व्हर्टर आणि अखंड ओतकामाची यंत्रे असलेला दुसरा विभाग उभा केला. जुने चालत राहिले आणि नवे आपली लायकी सिद्ध करीत गेले.

संगणकाच्या क्षेत्रातही हाच पेच पडतो. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. संगणकाची कार्यप्रणालीही त्यातूनच घडते. कंपायलर बदलला की आज्ञा त्याच राहूनही त्यांतून निघणारे यंत्रभाषेतील रूप पालटते आणि झाकलेले दोष उघडे पडतात. २०१५ साली निघालेली जीसीसीची ५.१ ही आवृत्ती लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने किमान अट म्हणून मान्य केली ती २०२१ साली. तोवर नवी साधने वापरण्यास मुभा होतीच. जुन्यांची पाठराखण तेवढी तेव्हा संपली.

भिलाईत १४ जून २०१८ रोजी आधुनिक विस्तार राष्ट्राला अर्पण झाला आणि त्यात तिसरा पोलाद विभागही होता. नवे साधन चांगले आहे एवढ्यानेच बदलाची वेळ येत नाही. नव्याची परीक्षा पुरी व्हावी, जुने चालू ठेवण्याचा खर्च डोईजड व्हावा आणि फसल्यास मागे फिरण्याची वाट उघडी असावी. या तिन्ही गोष्टी जुळल्यावर मात्र थांबणे हे शहाणपण न राहता आळस ठरते.