‘झेनोगिअर्स’ची दुसरी तबकडी

जपानी व्हिडिओ गेमांचा इतिहास लिहूं पाहणाराला ‘झेनोगिअर्स’पाशीं थोडें थबकावेंच लागतें. स्क्वेअर या कंपनीनें हा खेळ फेब्रुवारी १९९८ मध्यें प्लेस्टेशन यंत्रासाठीं जपानांत प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं तो इंग्रजी रूपानें अमेरिकेंतहि गेला. खेळणारानें एका पात्राची भूमिका घ्यावी, गांवोगांव हिंडावें, लढाया कराव्या आणि एक दीर्घ कथा शेवटास न्यावी, अशा जातीचा हा खेळ. तो दोन तबकड्यांवर होता. पहिली संपवून दुसरी यंत्रांत घालणाऱ्या रसिकाची जी निराशा झाली, तिची चर्चा पाव शतक उलटून गेलें तरी थांबलेली नाहीं.

याचा उगम मौजेचा आहे. तेत्सुया ताकाहाशी व त्यांच्या पत्नी सोराया सागा या उभयतांनीं हें कथाबीज मुळांत ‘फायनल फँटसी ७’ साठीं सुचविलें होतें. त्या लोकप्रिय मालिकेस तें फार काळोखी व गुंतागुंतीचें होईल असें ठरलें. परंतु त्यावर स्वतंत्र खेळ रचण्याची मोकळीक ताकाहाशींना मिळाली. नाकारलेल्या कल्पनेला असें घर सहसा मिळत नाहीं.

कथा अशी : स्मृति गमावलेला फे नांवाचा तरुण लाहान या खेड्यांत तीन वर्षें राहत आहे. आवे आणि किस्लेव या राज्यांचें युद्ध एके रात्रीं गांवांत शिरतें. गांव वांचविण्यासाठीं फे एका महाकाय यंत्रांत चढतो, आणि त्याच्याच हातून तें गांव बेचिराख होतें. पुढें कळतें कीं, या युद्धामागें आकाशांत लपलेल्या सोलारिसचा हात आहे. आणि त्याच्याहि मागें दहा हजार वर्षांपूर्वीं अंतराळांतून कोसळलेलें एक शस्त्र आहे. त्या शस्त्राचे सुटे भाग व्हावे एवढ्यासाठींच या भूमीवर मनुष्यजात निर्माण झालेली असते! फेच्या अंतरांत दडलेल्या संहारक व्यक्तित्वाचें नांव ‘इड’. फ्रॉइड वाचलेल्यास तें ओळखीचें वाटेल. पण येथें तें नुसतें पांडित्याचें लेणें नाहीं. बालपणच्या यातना सोसवेनात म्हणून एका मुलाचें मन दुभंगतें, आणि ज्या पात्राला आपण इतके तास हातानें चालविलें त्याच्याविषयीं आपणांस कांहींच ठाऊक नव्हतें, हें खेळणाराला उमगतें. कादंबरीकार हा आघात वाचकावर दुरून करतो. येथें तो स्वतःच्या बोटांना जाणवतो. माझ्या मतें या खेळाचें खरें मोठेपण येथें आहे. यासुनोरी मित्सुदा यांचें संगीत आणि उत्तर आयर्लंडच्या जोआन हॉग यांनीं गाइलेलें अखेरचें गीत हीं त्या मोठेपणास शोभणारीं आहेत.

किरकोळ दोष पुष्कळ आहेत. संवादांचा मजकूर गोगलगाईच्या गतीनें उमटतो. बॅबेलच्या मनोऱ्यावर उड्या मारीत चढतांना मध्येंच शत्रु उपटतात, उडी चुकते आणि पुन्हा खालून आरंभ. परंतु यांस कोणी रडत बसत नाहीं.

खरी तक्रार दुसऱ्या तबकडीची. तेथें पटलावर अंधार, एक खुर्ची, आणि तीवर बसून फे किंवा एली पुढील वृत्तान्त सांगते. ज्या प्रदेशांतून आपण हिंडावयाचें त्यांची केवळ हकीकत वाचावयाची; मध्यें एखादी लढाई, कीं पुन्हा खुर्ची. कित्येक भक्त म्हणतात कीं, दुभंगलेल्या मनाची कथा अशा तुटक निवेदनानेंच शोभते. हें समर्थन मला पटत नाहीं. आख्यान ऐकण्याची आवड आम्हांसहि आहे. पण कीर्तनकार पहिल्यापासून सांगतो, अर्धें नाटक करून दाखवून उरलेलें तोंडी सांगत नाहीं.

कारण साधें होतें. २०१७ मधील एका मुलाखतींत ताकाहाशींनीं तें सांगितलें : मुदत सुमारें दोन वर्षांची, हाताखालचे बरेचसे लोक नवखे. पहिल्या तबकडीच्या अखेरीस खेळ थांबवावा अशी सूचना पुढें आली होती. कथा अर्धवट टाकण्यापेक्षां उरलेली या रीतीनें पुरी करावी, असा तोडगा त्यांनींच सुचविला. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या पुत्रानें पुरी केली, आणि त्या अपुऱ्या ग्रंथाच्या नांवावरून आमच्या भाषेंत एक सबंध वाङ्मयप्रकार ओळखला जातो. पण व्हिडिओ गेमच्या धंद्यांत असा पुत्र भेटेलच याची शाश्वति कोणी द्यावी? इडचें कोडें सुटल्यावांचून राहिलें असतें, तर पहिल्या तबकडीचें सारें वैभव फुकट गेलें असतें.

मात्र दोष मुदतीवर ढकलून ताकाहाशी सुटत नाहींत. त्याच वर्षीं निघालेल्या एका परिचयग्रंथांत हा खेळ सहा पर्वांच्या महाकथेचें पांचवें पर्व म्हणून दाखविला आहे! एक पर्व पुरें पाडण्याची मारामार, आणि आराखडा सहांचा.

१९९९ मध्यें त्यांनीं स्क्वेअर सोडून मोनोलिथ सॉफ्ट ही संस्था उभारली. तेथें ‘झेनोसागा’चा संकल्पहि सहा भागांचाच झाला, २००२ ते २००६ या काळांत तीनच निघाले. २००७ मध्यें संस्था निन्टेंडोकडे आली. त्यानंतर २०१० चें ‘झेनोब्लेड’ दोन अजस्र देवांच्या निश्चल देहांवर वसलेली कथा घेऊन आलें. तें एकाच तबकडीवर होतें, आणि आरंभापासून अखेरपर्यंत खेळतां येत होतें.