काफ्रियालचें नांव

सणाच्या दिवशीं पनवेलच्या गोंयकार घरांत काफ्रियाल कोंबडी रांधितात. कृति सोपी आहे. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलें, लसूण, मिरीं व दालचिनी लिंबाच्या रसांत वाटून, मीठ घालून, तें वाटण कोंबडीस चोळावें व दोन तास मुरूं द्यावें. फार वेळ ठेविल्यास आंबटानें मांस भुसभुशीत होतें.

परंतु आम्हांस सांगावयाचें आहे तें नांवाविषयीं. पोर्तुगीज लोक आफ्रिकेंतील काळ्या माणसांस ‘काफ्र’ म्हणत. शब्द मूळचा अरबी; अर्थ, श्रद्धाहीन. सन १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चाले, आणि तेथील माणसें दास म्हणून गोव्यास आणिलीं जात. हा पदार्थ त्या वाटेनेंच आला असें मानितात. मिरची अमेरिकेची, लिंबू आपल्या आशियाचें, हात मात्र त्यांचे. त्यांतील कित्येकांचा बाप्तिस्माही झाला होता. तरी धनी त्यांस काफ्रच म्हणत! पोर्तुगीज मुलुखांत दासत्व रद्द करणारा हुकूम निघाला तो सन १८६९ मध्यें.

महोत्सवाच्या पंगतीच्या यादींत आम्हीं ‘हिरव्या वाटणाची कोंबडी’ असें लिहिलें होतें. रांधणाऱ्या बायांनीं तें खोडून जुनेंच नांव घातलें. आम्हीं त्यांस वरील हकीकत सांगितली. त्या ऐकून घेतात, आणि वाटण वाटीत राहतात.