डिस्क कंट्रोलर ड्रायव्हर (मुक्तस्रोत प्रणालींतील)

कार्यप्रणालीच्या आज्ञा डिस्क कंट्रोलरला कळतील अशा रूपात पोचवणारा कर्नेलचा भाग. १९९१ मधील लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत केवळ एटी प्रकारच्या हार्ड डिस्कचा ड्रायव्हर होता. फ्लॉपीचा नंतर आला. २००४ च्या एएचसीआय मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या साटा कंट्रोलरांना बव्हंशी एकच ड्रायव्हर पुरू लागला. तो प्रत्येक पोर्टसाठी स्मृतीत ३२ पर्यंत आज्ञांची यादी मांडतो आणि रजिस्टरमध्ये द्यायच्या आज्ञेचा बिट लावतो. पुढे कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, विदा स्वतःच हलवतो व काम झाल्यावर इंटरप्ट देतो.

एवढे जमवणे फारसे अवघड नाही. कस लागतो तो बिघाड हाताळताना: आज्ञा अडकली तर पोर्ट थांबवायचा, रीसेट करायचा, अपूर्ण राहिलेल्या आज्ञांपैकी कोणत्या पुन्हा धाडायच्या हे ठरवायचे. इथे चुकले की वापरकर्त्याच्या फायलीच जातात. त्यात कंट्रोलरची कागदपत्रे नसतील तर लेखक अंदाजाने चालतो. निर्मात्याकडून माहिती मिळेना म्हणून ओपनबीएसडी या मुक्तस्रोत कार्यप्रणालीने २००५ मध्ये अडॅप्टेकच्या रेड कंट्रोलरांचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमधून वगळला. निर्णय कठोर, पण रास्त.

एसएसडींसाठीच्या २०११ च्या एनव्हीएमई मानकाने एएचसीआयच्या एका यादीऐवजी हजारो आज्ञारांगांची सोय केली; लिनक्समध्ये त्या शक्यतो प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला एक अशा वाटल्या जातात.