पाटील : आडनावामागचं काम



मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, मुसलमान अशा कितीतरी समाजांत पाटील आडनाव आहे. कारण पाटील ही जात नाही, ते गावच्या एका कामाचं नाव आहे. जुन्या लेखांतल्या ‘पट्टकिल’ या शब्दावरून ते आलं, असं अभ्यासक मानतात.

गावचा सारा गोळा करायचा, पडीक रानं लागवडीखाली आणायची, तंटे मिटवायचे, चोराचा माग काढायचा ही पाटलाची कामं. हिशेब लिहायचा तो कुलकर्ण्याने. बदल्यात पाटलाला इनाम जमीन मिळायची आणि मानही. होळीची पहिली पोळी त्याची, पोळ्याला पहिला बैल त्याचा. हे सगळं पिढीजात, म्हणून ते वतन.

पण वतन म्हणजे मनमानी करायची मुभा नव्हे. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. १६४६ सालचं हे पत्र प्रसिद्ध आहे. बदअंमल म्हणजे बाईशी केलेलं गैरवर्तन, असा त्याचा अर्थ लावतात.

आणि बायकांचं काय? इंग्रजांनी १८७४ मध्ये वतनाचा कायदा केला. १८८६ मध्ये त्यात बदल झाला. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यात पात्र पुरुष असेपर्यंत वतनाच्या वारशात बाईचा नंबर मागे! लोक ‘पाटलीणबाई’ म्हणायचे, तो मान नवऱ्यामुळे.

१ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रात साऱ्याचं काम पाहणाऱ्या पाटलांचं पद गेलं. आडनाव राहिलं, बोलण्यातही राहिलं. एखादी फार हुकूम सोडायला लागली, की आपण म्हणतोच, “पाटीलकी गाजवू नकोस!” पोलीस पाटलाचं पद मात्र १९६७ च्या कायद्याने आजही आहे. ते वारशाने मिळत नाही, नेमणुकीने मिळतं. म्हणून आज कितीतरी गावांत बाई पोलीस पाटील आहे. ती कुणाची पाटलीण म्हणून नव्हे, स्वतः पाटील.

आपल्या गटातलं अध्यक्षपद, सचिवपदही असंच समजा. ते काम आहे, वतन नाही. दरवर्षी त्याच दोघी सह्या करत असतील, बँकेत त्याच जात असतील, तर बाकीच्यांनी शिकायचं कधी? पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आणि प्रत्येकीला तिचं माहेरचं आडनाव कोणत्या कामावरून किंवा गावावरून पडलं, तेही विचारा. सासरच्या नावाखाली झाकलेला केवढातरी इतिहास बाहेर येईल.